चाकणचा संग्रामदुर्ग

चाकण म्हटलें कीं आज मोटारींचे कारखाने व कांद्याचा बाजार डोळ्यांपुढें येतो. परंतु एके काळीं मोगली जुन्नरच्या रोखानें हें स्वराज्याच्या उत्तर सरहद्दीचें ठाणें होतें. त्याची साक्ष देणारा भुईकोट संग्रामदुर्ग अद्यापि गांवांतच आहे.

या किल्ल्यास डोंगराचा आधार नाहीं; खंदक, तट व बुरूज एवढेंच त्याचें बळ. इ. स. १६६० च्या जूनमध्यें शाएस्तेखानाच्या अफाट सैन्यानें त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा थोडक्या शिबंदीनिशीं भर पावसाळ्यांत पन्नासांहून अधिक दिवस झुंजला. अखेर ऑगस्टांत मोगलांनीं भुयार खणून सुरुंगानें बुरूज उडविला, तेव्हां किल्ला पडला.

विजयाचीं स्मारकें पुष्कळ असतात. कर्तव्य पुरें करून पत्करलेल्या पराभवाचें स्मारक क्वचितच आढळतें. येथील तटबंदी बरीच ढासळली आहे आणि भोंवतीं वस्ती दाटली आहे. म्हणून चक्रेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्यांनीं मुलांना हा कोटही अवश्य दाखवावा. दगड आपण होऊन बोलत नाहींत. त्यांची हकीकत सांगणें हें घरांतील वडीलधाऱ्यांचेंच काम आहे.