केचाक : संकटाआधीची निवड

संदेश वाटेत कुणी बदलला नाही ना, हे पडताळण्याचं काम हॅश फंक्शन करतं. मजकूर एका ओळीचा असो वा हजार पानांचा, त्यातून ठरावीक लांबीची संख्या निघते. एक स्वल्पविराम हलला तरी ती पार बदलते. डिजिटल सही होते ती या संख्येवर. त्यामुळे एकच संख्या देणारे दोन मजकूर कुणी घडवले, तर एकावर घेतलेली सही दुसऱ्यालाही लागू पडते.

२००४ मध्ये सांता बार्बराच्या क्रिप्टो परिषदेत चीनच्या वांग श्याओयुन यांनी एमडी५ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या फंक्शनच्या अशा जोड्या सादर केल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने एसएचए-१ या दुसऱ्या हॅश फंक्शनवरचा हल्लाही मांडला. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणसंस्थेकडे एसएचए-२ शाबूत होतं. पण त्याची घडण त्याच घराण्यातली. उद्या तेही पडलं तर?

म्हणून २००७ मध्ये निस्टने खुली स्पर्धा जाहीर केली. आधीची एसएचए फंक्शन्स अमेरिकेच्या गुप्तहेर यंत्रणेत, एनएसएमध्ये, घडली होती. इथे मात्र आराखडे सर्वांसमोर ठेवायचे आणि एकमेकांचे मोडून बघायचे, अशी रीत होती. ६४ प्रस्ताव आले. त्यातले ५१ पहिल्या फेरीत, १४ दुसऱ्या फेरीत आणि शेवटी ५ उरले. एमडी५ चे जनक रॉन रिव्हेस्ट यांचं एमडी६ दुसरी फेरीही गाठू शकलं नाही. २ ऑक्टोबर २०१२ रोजी केचाक विजेतं ठरलं. त्याच्या चार रचनाकारांतले योआन डामन हे एईएस या कूटपद्धतीचेही सहनिर्माते.

केचाकचं वेगळेपण त्याच्या पोटात आहे. १६०० बिटांचा साठा स्पंजासारखा मजकूर तुकड्यातुकड्याने शोषतो, दर तुकड्यानंतर २४ फेऱ्यांत घुसळला जातो आणि शेवटी पिळून हॅश काढला जातो. साठ्याचा एक भाग कधीच बाहेर दिसत नाही. एसएचए-२ मधल्या एसएचए-२५६ या फंक्शनमध्ये मात्र अखेरची आतली स्थितीच हॅश म्हणून बाहेर पडते. त्यामुळे संदेश खरा असल्याची खूण म्हणून गुप्त चावी नुसती मजकुराआधी जोडून हॅश काढला, तर तिऱ्हाइताला चावी न कळताही शेपूट जोडून नवा हॅश काढता येतो. यावर उपाय म्हणून एचमॅक पद्धतीत चावी दोनदा मिसळतात. केचाकला ही कसरत लागत नाही.

तरी एसएचए-२ अजून मोडलेलं नाही, प्रोसेसरमध्ये त्याच्यासाठी खास सूचना आहेत आणि इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणारं २०१८ चं टीएलएस १.३ त्याच्यावरच चालतं. मग केचाक वाया गेलं का? नाही. क्वांटम संगणकांना तोंड देण्यासाठी निस्टने २०२४ मध्ये आणलेल्या एमएल-केम आणि एमएल-डीएसए या प्रमाणांच्या आत तेच राबतं.

मोडलेल्या फंक्शनचा प्रश्न आपल्याकडेही आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. त्या नमुन्यात एसएचए-२५६ शेजारी एमडी५ आणि एसएचए-१ चेही रकाने आहेत. फाइल बनवणाऱ्याला एमडी५ च्या जुळ्या फाइली आधीच घडवून ठेवता येतात. वांग यांनी २००४ मध्ये दाखवलेला धोका आता प्रमाणपत्र भरणाऱ्याच्या पुढ्यात आहे. खूण एसएचए-२५६ पुढेच करायला हवी.