राउटरमधील ‘नॅट’ आणि वसतिगृहाचा कॅमेरा



मुलींच्या वसतिगृहाला आपण राउटर आणि फाटकावरचा कॅमेरा दिलात. आता काहीजण विचारतात, “तो आम्हाला घरबसल्या पाहता येईल का?” याचे उत्तर राउटरमधल्या ‘नॅट’ या सोयीत आहे. ते नीट समजून घ्यावे, कारण तिथे भलताच पर्याय निवडला तर मुलींची ये-जा परकी माणसेही पाहतील.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये नॅटची पद्धत मांडली गेली. आत वीस मोबाईल असले तरी बाहेर पत्ता एकच दिसतो. अधीक्षिकाबाई मुलींची पत्रे एकत्र टपालात टाकतात आणि कोणाचे पत्र कुठे गेले ते वहीत लिहितात, तसेच हे. उत्तर आले की राउटर वही पाहून ज्याचे त्याला देतो. वहीत नोंद नसलेले टपाल आत जात नाही.

‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणजे अमुक क्रमांकाच्या दारावर येईल ते कॅमेऱ्याकडे पाठव, अशी कायमची सूचना. पण ते दार कोणीही ठोठावू शकतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ने कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिलेले लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. ‘यूपीएनपी’ चालू असेल तर आतले यंत्र कोणाला न विचारता असे दार उघडून घेते. ते बंद ठेवावे. ‘डीएमझेड’मध्ये तर नोंद नसलेले सगळेच टपाल एका यंत्राकडे जाते. कॅमेऱ्यासाठी हा पर्याय मी कधीच घेणार नाही.

राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीनेही तिच्याकडे नॅट लावले आहे. मग आपल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून उपयोग नाही. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. (दानात आलेला दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावावा, नाहीतर घरातच नॅटवर नॅट होते.)

कंपनीच्या ॲपवर चालणारा कॅमेरा आतून स्वतःच संपर्क साधतो, त्याला दार उघडावे लागत नाही. पासवर्ड मात्र बदलावाच. तो अधीक्षिकाबाईंकडे राहू द्या. देणगीदारांनी, आणि मीही, मागू नये.