पेन्सिल कोणाच्या हातात?

५२ वजा २८ बरोबर ३६. तिसरी-चौथीच्या वह्यांत असे उत्तर हमखास सापडते, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मुलाने स्वतःपुरता एक नियम केलेला असतो: मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. दोन वर असोत की खाली, आठातून दोन गेले, उरले सहा. पाचातून दोन गेले, उरले तीन. शेजारी बसलेल्या आईबाबांना चूक लगेच दिसते, जेवणाची वेळ झालेली असते, आणि पेन्सिल मोठ्यांच्या हातात जाते. वहीत २४ उमटतात.

मुलाचा नियम मात्र जागच्या जागी राहतो.

पेन्सिलीबरोबर आणखीही काही जाते. अमेरिकेत ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. ज्यांचे कोडे मोठ्या माणसाने हातात घेऊन सोडवून टाकले, त्या मुलांनी पुढच्या अवघड कामात चिकाटी कमी दाखवली. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी ‘हे तुझ्याच्याने होणार नाही’ एवढे मुलाला न बोलताही कळते.

म्हणून मुलाला एकटे सोडावे, असेही नाही. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवले आणि शिकवणारी व्यक्ती नेमकी कधी, काय करते हे बारकाईने टिपले. त्यातून पुढे एक साधे सूत्र निघाले: मूल अडले तर मदत एक पायरी वाढवायची, जमले की लगेच कमी करायची. वजाबाकीत याचा अर्थ आधी नुसते विचारायचे, ‘हे कसं केलंस, सांग बरं.’ तेवढ्याने भागले नाही, तर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या. आठ काढायला सुट्या पुरत नाहीत, हे मुलाच्या बोटांनाच कळते. गठ्ठा त्यानेच सोडायचा.

‘ती धीट, हा बुजरा’ असे शिक्के आपण फार लवकर मारतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते ‘मला जमेल’ हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. कबड्डीत बेधडक असलेले मूल फळ्यासमोर गप्प होऊ शकते. आणि या भरवशाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. कौतुकाचा क्रमांक बराच खाली लागतो.

बांडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये ते वजाबाकीवरच तपासले. गणितात कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली ४० मुले त्यांनी निवडली. पुस्तिका वाचून आपले आपण शिकायचे, एकूण सात बैठका. काहींना सांगितले, रोज सहा पाने करा. काहींना, शेवटपर्यंत ४२ पाने पूर्ण करा. काहींना पानांचे काहीच सांगितले नाही. काम तेच, पण रोजच्या सहा पानांचे लक्ष्य असलेली मुले वजाबाकीत पुढे गेली आणि त्यांचा स्वतःवरचा भरवसाही सर्वाधिक वाढला. नंतर हवे ते करायची मुभा मिळाली, तेव्हा आपणहून वजाबाकी सोडवण्यातही हीच मुले आघाडीवर होती.