मिनिएचर: लहान की लाल?

आज आधी एक कबुली. मागच्या एपिसोडमध्ये मी ठोकून दिलं होतं, "मिनी म्हणजे छोटं, म्हणून छोटं चित्र ते मिनिएचर." सपशेल चूक! कान पकडणाऱ्या श्रोत्यांचे आभार.

या शब्दाचं मूळ आहे लॅटिन 'मिनियम'. म्हणजे शिशापासून बनणारा लाल रंग. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर ना, तोच! युरोपात हस्तलिखितांमधली ठळक अक्षरं या रंगाने काढायचे. त्या कामावरून इटालियनमध्ये 'मिनियातुरा' आला आणि पुढे पोथीतल्या चित्रांनाही चिकटला. पानात मावायचं म्हणून चित्रं बहुधा लहानच. त्यात 'लहान' अर्थाचे 'मिनॉर', 'मिनिमस' हे लॅटिन शब्द कानाला जवळचे. झाला घोटाळा! लाल मागे पडलं, लहान उरलं.

गंमत पुढेच आहे. मिनी स्कर्टमधलं 'मिनी' हे मिनिएचरचंच छाटलेलं रूप. म्हणजे मी मुलालाच बाप ठरवलं होतं!

आता सिनेमासाठी बांधलेलं छोटं शहरही मिनिएचर आणि आपला दिवाळीतला किल्लाही. चित्राला मराठीत 'लघुचित्र' म्हणतात, पण नावावर जाऊ नका. अकबराच्या काळातल्या हम्झानाम्याची पानं सुमारे दोन फूट उंच आहेत, तरी ती मिनिएचर शैलीतच मोजतात.

तेव्हा शब्द ओळखीचा वाटला, तरी त्याचं मूळ एकदा तपासा. मीही तपासेन. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!