चौकड्यांच्या शर्टातले रंग

तांबड्या-काळ्या चौकड्यांचा शर्ट तुम्ही पाहिलाच असेल. जुन्या परंपरेचे कापड म्हणून दुकानदार तो कौतुकाने दाखवतो. नमुना मूळचा स्कॉटलंडचा. तिकडे अशा चौकड्यांच्या कापडाला टार्टन म्हणतात. तांबड्या-काळ्याचे नाव 'रॉब रॉय'. (प्रत्येक घराण्याचे टार्टन वेगळे, ही समजूत मात्र एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. परंपराही कधी कधी वाटते तितकी जुनी नसते!)

या शर्टात रंग किती? वर्गात विचारले की हमखास उत्तर येते, "दोन." नीट पाहा. तांबडे चौकोन आहेत, काळे आहेत आणि काळपट तांबडेही आहेत. धागे मात्र दोनच रंगांचे! उभा तांबडा धागा आडव्या काळ्याला भेटतो, तिथे हा तिसरा रंग उमटतो. तीन रंगांच्या धाग्यांपासून तीन शुद्ध व तीन मिश्र अशा सहा छटा मिळतात. चारांपासून दहा, सहांपासून एकवीस. याचे सूत्र तुम्हीच शोधा.

मिश्र चौकोनावर भिंग धरा. तिरप्या बारीक रेषा दिसतील. टार्टनमध्ये आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून व पुढच्या दोहोंखालून जातो आणि प्रत्येक ओळीत ही वीण एका धाग्याने सरकते. भिंग काढले की रेषा नाहीशा होतात. इतके बारीक धागे डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. दोघांकडून येणाऱ्या प्रकाशाची तो सरासरी करतो. म्हणूनच पिवळे व निळे धागे एकत्र विणले तर चित्रकलेच्या तासासारखा हिरवा मिळत नाही, राखाडीकडे झुकणारी छटा मिळते. रंगपेटीतले रंग एकमेकांत मिसळून प्रकाश शोषतात. धागे शेजारी राहून आपापला प्रकाश पाठवतात.

रंगीत चकत्या गरगर फिरवून हा फरक अभ्यासणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल स्कॉटिशच. 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने टार्टनच्या फितीचे रंगीत छायाचित्र दाखवले. टॉमस सटन याने तांबड्या, हिरव्या व निळ्या द्रावणांतून फितीची छायाचित्रे घेतली होती. ती त्याच रंगांच्या प्रकाशाने पडद्यावर एकावर एक पाडताच फीत रंगीत दिसली. तांबडी व हिरवी प्रतिमा निळीइतकी चांगली उठली नाही, हे मॅक्सवेलने स्वतःच सांगितले.

पण खरे कोडे पुढेच आहे. त्या काळच्या काचांवरील रसायनावर तांबड्या प्रकाशाचा परिणामच होत नसे! मग तांबडी प्रतिमा उठली कशी? बरोबर शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, कोडॅक कंपनीतील राल्फ इव्हान्स यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला. तांबडे द्रावण थोडे अतिनील किरण आरपार जाऊ देत होते आणि पुष्कळ तांबडे रंग हे किरणही परावर्तित करतात. म्हणजे काचेवर तांबडा म्हणून जो नोंदला गेला, तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश होता. सिद्धान्त अचूक, प्रयोग यशस्वी, आणि यशाचे कारण भलतेच! एडिंबरोत मॅक्सवेलचा जन्म झाला त्या घरात त्या काचा जपून ठेवल्या आहेत.