सव्वा अश्वशक्तीवर सबंध अमेरिका

साहस म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बलाढ्य यंत्र, मुबलक पैसा आणि दिमतीला चार माणसें असा थाट उभा राहतो. परंतु अमेरिकेचा विस्तीर्ण भूखंड स्वयंचलित वाहनानें प्रथम ओलांडणाऱ्या जॉर्ज वायमन या तरुणापाशीं यांतलें कांहींच नव्हतें.

१९०३ सालीं मे महिन्याच्या १६ व्या तारखेस तो सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्ककडे एकटाच निघाला. त्याची मोटारसायकल म्हणजे एंजिन बसविलेली एक सायकलच होती. एंजिनाची शक्ति अवघी सव्वा अश्वशक्ति. तें कातडी पट्ट्यानें चाक फिरवी. वेग फार तर तासाला २५ मैल. पायडलें तशींच ठेवलेलीं होतीं. एंजिन दमलें म्हणजे त्याचें काम पायांनीं करावयाचें! बरोबर गरम कपडे, पाण्याची बाटली, तेलाचे व पेट्रोलचे डबे, हत्यारें, एक कॅमेरा आणि एक पिस्तूल.

पुढें सिएरा नेवाडा पर्वताची सुमारें ७,००० फूट उंचीची खिंड आडवी होती. मे महिन्यांतहि तेथें बर्फ असतें आणि रस्ते तर नांवालाच होते. तेव्हां वायमननें आगगाडीचा मार्ग धरला. रुळांमधील लांकडी स्लीपरांवरून हाडें खिळखिळीं करणारे धक्के खात तो मैलच्या मैल गेला. हिमपातापासून रुळांचें रक्षण व्हावें म्हणून रेल्वेनें त्यांवर लांबच लांब लांकडी मांडव घातलेले होते. आंत बोगद्यासारखा काळोख. समोरून गाडी आली तर अंग चोरून भिंतीशीं उभें राहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

पर्वत उतरल्यावर नेवाडाचें रेताड वाळवंट लागलें. त्यापलीकडे यूटा प्रांतांत नद्यांनीं खडक कापून केलेल्या खोल, अरुंद घळी आहेत. अशा घळीस तिकडे ‘कॅनियन’ म्हणतात. डोंगराळ मुलखांत रेल्वेचे एंजिनियर याच घळींचा आश्रय करतात. कारण नदीनें युगानुयुगें झिजवून तेथें सौम्य चढ तयार केलेला असतो. त्यानंतर वायोमिंगचें उंच पठार ओलांडलें, तेव्हां कोठें पर्वतांचा मुलूख मागें पडला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वायमन एकटा होता हें खरें. पण त्याच्या पायाखालची वाट १८६९ सालीं पुरी झालेल्या लोहमार्गाची होती, आणि सिएरा पर्वतांत ती हजारों चिनी मजुरांनीं खडक फोडून केलेली होती. एकट्याच्या पराक्रमामागेंहि अनेकांचे श्रम उभे असतात, तें असे.

मुक्कामाच्या अलीकडे, ऑल्बनी येथें, एंजिनानें शेवटीं हात टेकले. राहिलेले सुमारें १५० मैल वायमननें पायडल मारीत काढले आणि जुलैच्या ६ तारखेस, ५१ दिवसांनीं, तो न्यूयॉर्कला पोंचला. त्याच उन्हाळ्यांत डॉक्टर होरेशिओ जॅक्सन नांवाचे श्रीमंत गृहस्थ ५० डॉलरांची पैज जिंकण्यासाठीं २० अश्वशक्तीची मोटार व एक यांत्रिक घेऊन निघाले होते. ते २६ जुलै रोजीं, म्हणजे वायमननंतर २० दिवसांनीं पोंचले. कीर्तीचा मोठा वांटा मात्र त्यांच्याच पदरांत पडला! मोटारीनें देश ओलांडणारे पहिले म्हणून त्यांचें नांव इतिहासांत दाखल झालें. वायमनची आठवण बहुधा मोटारसायकलीचे शौकीनच ठेवतात.

घरांतील मुलगा किंवा मुलगी एकटी दूरच्या वाटेस निघाली म्हणजे आपण गाडी कोणती, पैसे किती, सोबत कोणाची, हे प्रश्न प्रथम विचारतों. ते विचारावेतच, परंतु त्यांच्याबरोबर आणखी एक विचारावा: यंत्र बंद पडलें तर राहिलेली वाट चालण्याची तयारी आहे ना? वायमनची होती, म्हणूनच तो पोंचला.