कर्ज मयताचं, सही तुमची

वऱ्हाडात घरचा कर्ता माणूस गेला की तेरवीच्या आतच दुसरा हिशेब सुरू होतो. सोसायटीचं पीककर्ज, कृषी केंद्रातली बियाण्या-खताची उधारी, सावकाराकडून घेतलेले पैसे, बचत गटाचा हप्ता. दर्यापूर असो की बाळापूर, अचलपूर असो की मूर्तिजापूर, बैठकीत कोणी तरी वडीलधारा म्हणतोच, "बापाचं कर्ज लेकरालेच फेडा लागते." मग पोरगा मान खाली घालतो आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतो. नुकसान तिथे होतं.

त्या वाक्याला एकेकाळी आधार होता. जुन्या हिंदू कायद्यात बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जाई आणि न्यायालयंही ते मान्य करत. तेव्हाही जुगार किंवा दारूपायी केलेलं कर्ज मुलावर येत नसे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हा आधार काढून घेतला. 9 सप्टेंबर 2005 पासून केवळ मुलगा, नातू किंवा पणतू आहे म्हणून कोणाकडून वाडवडिलांचं कर्ज वसूल करता येत नाही. त्या तारखेआधीच्या कर्जांना मात्र जुनाच नियम आहे.

म्हणून कर्ज बुडालं असंही नाही. ते मयताच्या मालमत्तेवर राहतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 52 सांगतं की वारसाविरुद्धचा असा हुकूमनामा मयताकडून आलेल्या मालमत्तेतूनच वसूल करायचा. समजा, वडिलांच्या मागे वीस लाखांचं वावर उरलं आणि देणं सव्वीस लाखांचं निघालं. वीस लाखांपलीकडची वसुली वारसांकडून होत नाही. मुलाचा पगार, सुनेचे दागिने, आईच्या नावावरचं माहेरचं शेत यांना हात लावता येत नाही. मात्र वारसाने ते वावर विकून पैसा दुसरीकडे खर्च केला आणि हिशेब देता आला नाही, तर तेवढ्यापुरता तो स्वतः जबाबदार ठरतो. जमीन एकत्र कुटुंबाची असेल आणि कर्त्याने घरच्या गरजेसाठीच कर्ज काढलं असेल, तर ते कुटुंबाच्या मिळकतीवर येऊ शकतं. अशा वेळी वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता त्या सहीबद्दल. आपल्याकडे 'नवं-जुनं' करण्याची रीत आहे. जुनं खातं व्याजासह मिटलं असं दाखवायचं आणि तेवढ्याच रकमेचं नवं खातं उघडायचं. घरात सुतक असताना कोणी येतो आणि सांगतो, "काही नाही, नुसतं नाव बदलायचं आहे." त्या नव्या कागदावर कर्जदार म्हणून मुलाची किंवा विधवेची सही झाली की वारसाला मिळालेलं संरक्षण संपतं. कर्ज आता मयताचं राहत नाही, सही करणाऱ्याचं होतं आणि त्याच्या स्वतःच्या कमाईवर येतं. साध्या उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती उलटून गेलेलं देणंसुद्धा फेडण्याच्या लेखी वचनाने पुन्हा जिवंत होऊ शकतं. म्हणून पहिल्या महिन्यात कशावरही सही करू नका. येणाऱ्याला खातेउतारा, मूळ कर्जरोखा आणि पावत्यांची नक्कल मागा. खरं देणं असेल तर त्याचा कागद असतोच.

एका बाबतीत वारसांना ही सूट नाही. पत्नीने आधीच सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली असेल, तर तिची जबाबदारी वारस म्हणून नाही, त्या सहीमुळे आहे. जामीनदाराकडून पूर्ण रक्कम मागता येते. बँकेत गेल्यावर हे आधी विचारून घ्यावं.

"सातबारा बाच्याच नावानं राहू द्या, फेरफार केला तर कर्ज आपल्या नावावर चढते," हा समज गावोगाव आहे आणि त्याने बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला असतो. तो जमिनीवर असतो. वर नाव मयताचं असो की वारसाचं, त्याने बोजा वाढतही नाही आणि उतरतही नाही. नाव न लावल्याने मात्र नवं पीककर्ज, पीकविमा, अनुदान सगळं अडतं आणि दीर-भासऱ्यांना जमीन वाटून घ्यायला मोकळं रान मिळतं. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या 505 स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे 40 टक्के स्त्रियांना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. उशीर झाला तरी नोंद होतेच. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर गेली, ती याच कामासाठी.

आत्महत्या झाली की कर्ज आपोआप माफ होतं, हेही खरं नाही. सरकारची एक लाखाची मदत वेगळी आणि कर्ज वेगळं. 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांना तारखांच्या आणि रकमेच्या अटी होत्या. खासगी सावकाराचं देणं त्यांत नव्हतं.

सावकाराबाबत मात्र भीती जास्त आणि माहिती कमी आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि अशा सावकाराला न्यायालयातून वसुली मिळत नाही. परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतल्याचं चौकशीत सिद्ध झालं, तर ते अवैध ठरवून जमीन कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला आहे. अर्ज तिथेच करायचा. बँकांबद्दल एवढंच, की गहाण घरांची थेट जप्ती करणारा 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समजही सोडावा. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्यात हेच सांगितलं. आयुर्विम्याचं वेगळं आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्या हक्काची.

आणि विमा आहे की नाही, हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं. मयताचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. 436 रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना आहे. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला असो, दोन लाख मिळतात. फक्त नव्याने नाव घातलं असेल तर पहिल्या तीस दिवसांत अपघाती मृत्यूच धरला जातो. 20 रुपयांची कपात असेल तर ती अपघात विम्याची. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासोबत विमा काढला होता का, हेही शाखेत लेखी विचारा. तो असेल तर विम्याच्या रकमेतून कर्ज भागतं.

हे सगळं एकट्याने निस्तरायची गरज नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन 15100. सावकाराचा माणूस दारात यायच्या आधी हा नंबर घरात लिहून ठेवा.